मांस तपासणारा डॉक्टर, सव्वीस वर्षं सरचिटणीस

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी घरी पॅरिस ऑलिंपिकमधला बास्केटबॉलचा अमेरिका-सर्बिया सेमीफायनल पुन्हा लावला होता. (९५-९१. निकाल पाठ असूनही शेवटची पाच मिनिटं खुर्चीत बसवत नाही.) लेक बारा वर्षांची, शाळेच्या संघात आहे. तिनं विचारलं, "बाबा, करी आणि योकिच दोघंही एनबीएवाले ना? मग देशाकडून खेळायला त्यांना परवानगी कोण देतं?"

मी आधी हसण्यावारी नेलं. मग लक्षात आलं, पोरीनं नेमका मुद्दा धरलाय. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा हा सामना होणंच शक्य नव्हतं. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, करारावर सही केली की ऑलिंपिक बंद, विश्वचषक बंद, देशाची जर्सी घडी करून ट्रंकेत. आणि हे दार बंद केलं होतं फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघानं. पुढे ते उघडलंही फिबानंच. ज्यानं उघडलं तो एके काळी बेलग्रेडमध्ये मांस तपासून शिक्के मारणारा पशुवैद्य होता.

बोरिस्लाव स्तान्कोविच. त्याच्या गावात सगळे 'बोरा' म्हणत. मराठीत त्याच्यावर काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

जन्म ९ जुलै १९२५, बिहाच गावी, आजच्या बोस्नियात. महायुद्ध संपलं तेव्हा विशीत. बेलग्रेडला पशुवैद्यकाचा अभ्यास आणि बास्केटबॉल दोन्ही एकदमच चाललेलं. रेड स्टारकडून खेळला, पुढे झेलेझ्निचार आणि पार्टिझानकडून. युगोस्लाव्हियाकडून ३६ सामने. १९५० साली अर्जेंटिनात पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे तो संघात होता. दहा देश आले होते, युगोस्लाव्हिया दहावा आला. हा दहावा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९५४ला पदवी मिळाली आणि तो महापालिकेच्या पठडीतल्या नोकरीला लागला: मांसाची तपासणी. सुमारे दहा वर्षं हे काम केलं. सकाळी खाटीकखाना, संध्याकाळी ओकेके बेलग्रेड या क्लबचं कोचिंग. या क्लबला त्यानं १९५८, १९६० आणि १९६३ला देशाचं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्या काळात रेड स्टार आणि पार्टिझान या दोन बड्या क्लबांच्या मधून वाट काढून वर येणं म्हणजे काय, हे ज्यांनी रेल्वे आणि पोलीस या संघांविरुद्ध एखाद्या तालुक्याच्या मंडळाकडून खेळलंय त्यांना सांगायला नको.

त्या संघात रादिवोय कोराच नावाचा डावखुरा होता. फ्री थ्रो दोन्ही हातांनी गुडघ्यांजवळून वर उचलून टाकायचा, आपल्याकडे लहान मुलं टाकतात तसा. आज असा टाकला तर कोच मैदानाला फेऱ्या मारायला लावेल. त्याच कोराचनं १९६५ला युरोपीय चषकात स्वीडनच्या क्लबविरुद्ध एका सामन्यात ९९ गुण केले. १९६९ला तो अपघातात गेला, तिशी जेमतेम ओलांडली होती. पुढे त्याच्या नावानं युरोपात कोराच चषक सुरू झाला.

१९६६ला स्तान्कोविच इटलीत गेला, कांतू नावाच्या छोट्या गावाच्या क्लबला. १९६८ला कांतू इटलीचं विजेतं. मिलान, वारेसे, बोलोन्या यांच्या नाकावर टिच्चून.

इथवर ही एका चांगल्या कोचची गोष्ट आहे. असे चांगले कोच त्या देशात पुष्कळ होते. त्याला वेगळं काढणारी गोष्ट म्हणजे कोचिंग चालू असतानाच तो फायलींतही रमत होता. पोपोविच, निकोलिच, शापेर आणि स्तान्कोविच या चौघांना तिकडे बास्केटबॉलचे पितामह मानतात. निकोलिच कोचिंगचा प्राध्यापक (वारेसेबरोबर तीनदा युरोपचा चषक), शापेर नियमांचा माणूस, पोपोविच सगळ्यांना गोळा करणारा. आणि स्तान्कोविच कागद पुढे सरकवणारा. १९५०ला तळाला असलेला हा देश २० वर्षांनी, १९७०ला, ल्युब्ल्यानाच्या तिव्होली हॉलमध्ये अमेरिकेला ७०-६३ हरवून जगज्जेता झाला. मध्ये जे घडलं त्यातलं बरंचसं मैदानावर दिसत नाही. शिबिरं, पंचांचे वर्ग, शाळांच्या स्पर्धा, बस, बिलं.

१९७२ला फिबानं त्याला म्युनिकला बोलावलं, सहायक सरचिटणीस म्हणून. तिथे सरचिटणीस होते रेनातो विल्यम जोन्स, १९३२ला फिबा स्थापन झाल्यापासून त्याच खुर्चीत. १९७६ला जोन्सनी खुर्ची याच्या हाती दिली आणि हा २००२पर्यंत बसला. म्हणजे १९३२ ते २००२, ७० वर्षांत माणसं फक्त दोन. आपल्याकडच्या संघटना बघून ज्यांना वाटतं की खुर्ची न सोडणं हा खास भारतीय गुण आहे, त्यांच्या माहितीसाठी.

खरी गोष्ट आता. १९७४ला तो अमेरिकेत गेला आणि तिथले सामने पाहिले. पाहून आल्यावर त्याच्या डोक्यात एकच खटका बसला: आपण जिला जागतिक अजिंक्यपद म्हणतो त्या स्पर्धेत जगातले सगळ्यात चांगले खेळाडू नाहीतच. का, तर ते व्यावसायिक. आणि बाकीचे? रशियाचे खेळाडू सैन्याच्या हुद्द्यावर, युगोस्लाव्हियाचे क्लबच्या पाकिटावर, इटलीत तर उघड पगार. सगळ्यांत ठळक उदाहरण ब्राझीलचा ऑस्कर श्मिट. इटलीत कासेर्ताकडून खेळून घसघशीत कमवायचा, तरी फिबाच्या लेखी तो ऑलिंपिकला चालायचा. १९८४ला न्यू जर्सीच्या संघानं त्याला निवडलं तर त्यानं नकार दिला, कारण एनबीएत पाऊल टाकलं असतं तर ब्राझीलची जर्सी गेली असती. पगार इटलीतला असेल तर पवित्र, अमेरिकेतला असेल तर बाटलेला!

या सोवळ्याला स्तान्कोविच ढोंग म्हणायचा. आणि त्याच्या संघटनेच्या नावातला शेवटचा 'ए' होता अमॅच्युअरचा, म्हणजे हौशीचा.

१९८६ला त्यानं व्यावसायिकांना दार उघडणारा ठराव आणला. पडला. तीन वर्षं तो देशोदेशीच्या महासंघांशी बोलत राहिला. ७ एप्रिल १९८९, म्युनिक, खास सभा. ५६ विरुद्ध १३. मंजूर.

विरोधातल्या त्या १३ मतांत एक मत अमेरिकेचं होतं. हे वाचून मी चहा खाली ठेवला होता.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

कल्याण स्लो

वा! पण मी तर आजवर असंच ऐकत आलोय की १९८८ला सोलमध्ये अमेरिकेची पोरं रशियाकडून हरली, अमेरिकेचं नाक कापलं गेलं, म्हणून त्यांनी चिडून १९९२ला एनबीएच्या ताऱ्यांची ड्रीम टीम पाठवली. ते चूक?

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

@कल्याण स्लो: ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण सनावळीत बसत नाही. सोलचा पराभव (८२-७६) सप्टेंबर १९८८चा. स्तान्कोविचचा पहिला ठराव त्याच्या दोन वर्षं आधी येऊन पडलाही होता. १९८४ला एनबीएचे आयुक्त झालेले डेव्हिड स्टर्न आणि हा, दोघांची बोलणी आधीच सुरू झाली होती. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये मिल्वॉकीत पहिली मॅकडॉनल्ड्स ओपन झाली: मिल्वॉकी बक्स, मिलानचा क्लब आणि सोव्हिएत संघ. फिबाच्या आशीर्वादानं एनबीएचा संघ बाहेरच्यांशी अधिकृतपणे खेळला तो तिथे. साखरपुडाच म्हणा.

आणि अमेरिकेनं विरोधात मत का दिलं? कारण तिकडची जी संघटना फिबाची सदस्य होती ती कॉलेजं, शाळा आणि हौशी मंडळांची. एनबीएवाले आले की आपल्या पोरांना ऑलिंपिक कसलं मिळतंय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हात वर केला नसता.

गुरांचा डॉक्टर

धागा उघडला तो शीर्षकामुळे. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मांस तपासणीची ड्युटी मी केलीय, तेव्हा दोन शब्द.

लोकांना वाटतं डॉक्टर येतो, शिक्का मारतो, जातो. तपासणी दोनदा असते. जनावर कापण्याआधी एकदा: चालतंय कसं, श्वास, ताप, नाक-तोंडातून काही येतंय का. कापल्यावर पुन्हा: फुप्फुसं, यकृत, काळीज हातानं दाबून बघायचं, लसिका ग्रंथी चिरून बघायच्या. क्षय असेल तर तिथे दिसतो. यकृतात पर्णकृमी, डुकराच्या मांसात पट्टकृमीचे दाणे. वरून लालबुंद, ताजं दिसणारं मांस आत चिरल्यावर बाद करावं लागतं. आणि बाद केलं की मालक अंगावर येतो, कारण त्याचे पैसे गेले. रोज पहाटे चारला शिव्या खायच्या आणि तरीही शिक्का द्यायचा नाही, ही सवय दहा वर्षं लागली की माणूस सभेतल्या आरडाओरड्याला घाबरत नाही. इतकंच म्हणतो.

अवांतर: धागाकर्ते, माणूस इतका मोठा, वयानं आपल्या आजोबांएवढा, आणि तुम्ही 'तो गेला', 'तो बसला' लिहिताय. जोन्सना मात्र 'ते'. ते का हो?

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद धाग्यापेक्षा सरस. 'तो' चं म्हणाल तर खेळाडू आपल्याला 'तो'च असतो. सुनील बाद झाला म्हणतो, झाले म्हणत नाही. जोन्स कधी आपला वाटला नाही, म्हणून 'ते'. :)

रिंगला लटकलेला

जोन्सचा विषय निघालाच आहे तर १९७२ची फायनल राहिली की! म्युनिक, रशिया ५१ अमेरिका ५०. शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले ते या जोन्ससाहेबांनी प्रेक्षागृहातून खाली येऊन बोटं दाखवली म्हणून. नियमात त्यांना तसा अधिकारच नव्हता. अलेक्सांद्र बेलोवनं बास्केट केला, अपील समितीत ३-२नं अमेरिका हरली, आणि अमेरिकेच्या पोरांनी रौप्यपदकं घेतली नाहीत ती आजतागायत.

म्हणजे बघा, स्तान्कोविच फिबात आला त्याच वर्षी हे घडलं. वरिष्ठानं बोट वर केलं की घड्याळ मागे जातं, हे त्यानं पहिल्याच वर्षी पाहिलं. मला वाटतं म्हणूनच पुढे तो प्रत्येक गोष्ट मताला टाकायचा. (माझा तर्क. पुरावा मागू नये.)

नागपाड्याची पायरी

आमच्या नागपाड्यात बास्केटबॉल म्हणजे गल्लीतला खेळ, बाकी मुंबई क्रिकेट खेळायची तेव्हा आम्ही सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडायचो. अब्बास मुन्तसिर आमच्याच भागातला, देशाचा कर्णधार, १९७०चा अर्जुन पुरस्कार. म्हणून थोडा हक्कानं लिहितो.

भारत ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये एकदाच खेळलाय, १९८०, मॉस्को. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि आपल्याला बोलावणं आलं. सात सामने, सात पराभव, बारावा नंबर. तेव्हा फिबाचा सरचिटणीस हाच स्तान्कोविच. वर वाचलं की त्याचा देश पहिल्या स्पर्धेत दहावा, म्हणजे शेवटचा, आणि २० वर्षांनी जगज्जेता. आम्ही बारावे, म्हणजे शेवटचेच. नंतर ४० वर्षं होऊन गेली, परत तिथे पाऊल नाही. पुढचं लिहीत नाही, रात्री झोप लागत नाही मग.

विरजण

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून माझं एक विरजण.

एक. १९९२ची ड्रीम टीम म्हणजे खेळ होता की जत्रा? आठ सामने, सरासरी ४४ गुणांनी विजय. पहिल्याच सामन्यात अंगोलाला ११६-४८. समोरचे खेळाडू सामन्याआधी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होते. अशा स्पर्धेला स्पर्धा म्हणायचं?

दोन. एनबीएला दार उघडून दिलं, आत आल्यावर त्यांनी घरच बळकावलं. आज युरोपातलं प्रत्येक गुणी पोर अठराव्या वर्षी अमेरिकेकडे डोळे लावून बसतं. क्लब म्हणजे नुसती रोपवाटिका.

तीन, आणि हे धागाकर्त्यांनी सोयीनं गाळलंय. २००० साली युरोपातल्या बड्या क्लबांनी फिबाला बाजूला सारून स्वतःची लीग काढली. नाव काय घेतलं? 'युरोलीग'. फिबाचंच! कारण चोवीस वर्षं खुर्चीत असलेल्या या कागदवाल्या सरचिटणिसानं ते नाव कधी नोंदवूनच घेतलं नव्हतं. फिबाला त्या वर्षी आपली स्पर्धा 'सुप्रोलीग' या नावानं चालवावी लागली, आणि एका मोसमात ती मिटली. कागद पुढे सरकवणारा म्हणे!

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

@विरजण: तिसरा मुद्दा बिनशर्त मान्य. गाळला हेही मान्य. ती चूक त्याचीच, आणि ती भलतीच महाग पडली. क्लब आणि फिबा यांच्यातलं ते भांडण अजून धुमसतंय. देशांच्या महासंघांची मतं मोजता मोजता क्लबांच्या खिशाकडे त्याचं लक्ष राहिलं नाही असं मला वाटतं. ज्या जगात तो वाढला तिथे क्लब पैशासाठी बंड करतात ही कल्पनाच नव्हती.

दुसरा मुद्दा अर्धा मान्य. दार बंद होतं तेव्हा कोंडलं कोण जात होतं हे बघा. अमेरिकन खेळाडू एनबीएत मजेत होते, त्यांना ऑलिंपिकची फारशी फिकीरही नव्हती. कोंडमारा होत होता युरोपीयांचा. बल्गेरियाचा ग्लुचकोव्ह १९८५ला फिनिक्सला गेला, स्पेनचा फर्नांदो मार्तिन १९८६ला पोर्टलंडला. मार्तिन म्हणजे माद्रिदचा लाडका, १९८४च्या रौप्यपदक संघातला. एनबीएत गेला त्याबरोबर स्पेनची जर्सी गेली. १९८९चा ठराव झाला आणि त्याच वर्षी युगोस्लाव्हियाचे पेत्रोविच आणि दिवाच, सोव्हिएत संघातला मार्चुलिओनिस अमेरिकेत पोचले, देश न गमावता. हा ठराव अमेरिकनांसाठी होता असं आपण समजतो कारण त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो अमेरिकन आहे.

पहिल्या मुद्द्यावर २००२चं सांगतो, पण जरा थांबा, आधी बाकीच्यांना बोलू दे.

लेसचं गाव

मी गेली अकरा वर्षं मिलानजवळ राहते, कांतू इथून तासाभरावर. गाव म्हणजे फर्निचरवाल्यांचं. सुतारकाम आणि लेस विणणं या दोन गोष्टींसाठी जुन्या काळापासून नाव आहे. लग्न ठरलं की कपाट-पलंग घ्यायला लोक तिकडे जातात, आपल्याकडे पैठणीला येवल्याला जातात तसे. एवढ्याशा गावाचा संघ मिलानला हरवून देशात पहिला येतो ही गोष्ट इथले म्हातारे अजून रंगवून सांगतात. तेव्हा संघाचं नाव एका संत्र्याच्या सोड्यावरून 'ओरांसोडा' होतं. इथे वयस्कर माणसाला ओरांसोडा म्हणा, तो बाटली आणायला उठत नाही, १९६८ सांगायला लागतो.

आणि नाव 'स्टँकोविच' असं न लिहिता नीट स्तान्कोविच लिहिल्याबद्दल आभार.

हिशेबाची वही

मी एका जिल्ह्याच्या हौशी संघटनेत नऊ वर्षं सचिव आहे. नाव सांगत नाही, खेळही सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

धाग्यातलं सगळ्यात भिडलं ते 'बस, बिलं'. लोकांना सामना दिसतो. सामन्याआधी मैदानाचं भाडं, चुन्याची पोती, पंचांचं मानधन, मुलांचे जन्मदाखले (त्यातले खरे किती हा वेगळा धागा होईल), रात्री साडेअकराला कुणाच्या तरी आईचा फोन की पोरगी बसमध्ये आहे ना. सामना संपल्यावर मंत्र्यांच्या हस्ते बक्षीस, आणि सचिव मागे सतरंज्या गोळा करतोय.

'अमॅच्युअर' या शब्दाचं म्हणाल तर आपण कुणाला हसावं? आपल्याकडे कबड्डीच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या नावातच तो शब्द. आणि चांगले खेळाडू कुठे? रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, स्पोर्ट्स कोट्यातून. सकाळी हजेरीपटावर सही, मग दिवसभर सराव. रशियाचे सैन्यातले खेळाडू याहून वेगळे काय होते? मला यात वाईट काही वाटत नाही, घर चालतं त्या पोरांचं. पण मग सोवळं नेसू नये. २०१४ला प्रो कबड्डी आली तेव्हा आमच्याच काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती, आता तीच मंडळी पाहुण्यांच्या रांगेत पुढे असतात.

धागाकर्त्यांना एक प्रश्न: १९८६ला पडल्यावर १९८९ला जिंकला कसा? माणसं कशी वळवली? मला शिकायचंय. खरंच.

पॅकरचा पोपट

पुन्हा तोच अमॅच्युअर-प्रोफेशनल वाद. क्रिकेटमध्ये १९७७ला पॅकरनं (ऑस्ट्रेलियातला टीव्हीवाला, बडे खेळाडू फोडून स्वतःची स्पर्धा काढली) केलं ते बाहेरून दगड मारून. इथे आतल्या माणसानं खुर्चीत बसून केलं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

@हिशेबाची वही: जेवढं मला दिसतं तेवढं सांगतो. एक, फिबात एका देशाला एक मत. अमेरिकेचं एक आणि एखाद्या बेटाचंही एकच. स्तान्कोविच बड्यांच्या मागे लागला नाही, छोट्या देशांकडे गेला. त्यांच्याकडे एनबीएत जाणारे खेळाडू नव्हते, पण आपल्या गावात हा खेळ टीव्हीवर दिसला तर पोरं मैदानावर येतील हे त्यांना कळत होतं. दोन, तो स्वतः खेळलेला, कोच झालेला, पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे राहिलेला. इटलीतला पगार त्यानं घेतलेला, युगोस्लाव्हियातलं राजकारण सोसलेलं. मॉस्कोवाले त्याला अमेरिकेचा दलाल म्हणू शकत नव्हते आणि न्यूयॉर्कवाले कम्युनिस्ट. तीन, ठराव पडल्यावर तो रुसला नाही. आपल्या संघटनांत ठराव पडला की माणूस एक तर राजीनामा देतो, नाही तर कोर्टात जातो.

ठराव झाल्यावर नावातला 'अमॅच्युअर' काढला, पण 'फिबा' तसंच ठेवलं. शेवटचे 'बीए' आता नुसते बास्केटबॉलचे. लेटरहेड बदलायला नको. हा खास चिटणिसाचा हिशेब.

अधूनमधून

एक शंका. १९९२ला युगोस्लाव्हियाचे तुकडे होत होते. मग बार्सिलोनात याच्या देशाचं काय झालं?

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

@अधूनमधून: हा भाग लिहायचं मी टाळत होतो, कारण तो वाचताना मलाच घशाशी येतं.

३० मे १९९२ला संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले, त्यात खेळही आले. एकेकट्या खेळाडूंना ऑलिंपिकच्या ध्वजाखाली जाता आलं, संघांना नाही. म्हणजे बघा: १८ वर्षं ज्यानं ही मेजवानी मांडली, त्याच्या घरच्यांनाच पान नाही. दिवाच, जॉर्जेविच, दानिलोविच घरी. फायनलला ड्रीम टीमसमोर उभा राहिला तो क्रोएशिया: पेत्रोविच, कुकोच, दिनो राजा. कालपरवापर्यंत दिवाचच्याच संघातली ही माणसं. ११७-८५. कांस्य लिथुएनियाला, त्यांनी हरवलं कुणाला तर फुटलेल्या सोव्हिएत युनियनच्या उरल्यासुरल्या संघाला. त्या पोडियमवर उभं राहिलेल्या तीन संघांतले दोन देश एका वर्षापूर्वी ऑलिंपिकच्या लेखी अस्तित्वातच नव्हते.

एवढ्यावर संपत नाही. १९९४चा विश्वचषक बेलग्रेडला व्हायचा होता. तो काढून टोरांटोला द्यावा लागला, आणि तेव्हा फिबाचा सरचिटणीस कोण? हाच. आपल्याच गावाची स्पर्धा दुसऱ्याला द्यायची आणि पत्रावर सही आपली.

१९९५ला निर्बंध ढिले झाल्यावर अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हिया परतला आणि थेट सुवर्ण. बक्षीस समारंभात क्रोएशियाचे खेळाडू तिसऱ्या पायरीवरून उतरून निघून गेले.

गुरांचा डॉक्टर

हे वाचून गप्प बसलोय. त्याच्या कारकिर्दीतली अजून एखादी बरी गोष्ट सांगा बुवा.

बाकावरचा सहावा (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब, विरजणरावांना जे देणं लागतो तेच सांगतो.

त्यांचं म्हणणं, १९९२ म्हणजे जत्रा. होतीच. पण जत्रेत फोटो काढून घेणाऱ्यांच्या घरी टीव्ही होते, आणि टीव्हीसमोर पोरं होती. दहा वर्षं थांबा. २००२, विश्वचषक, ठिकाण इंडियानापोलिस. बास्केटबॉल म्हणजे त्या राज्याचं कुलदैवत. अमेरिकेच्या संघात सगळे एनबीएवाले. आधी अर्जेंटिनानं त्यांना ८७-८० हरवलं. एनबीए खेळाडूंच्या अमेरिकन संघाचा तो पहिला पराभव. मग उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियानं ८१-७८. यजमान सहावे. फायनलला अर्जेंटिना आणि युगोस्लाव्हिया, जादा वेळेत ८४-७७, युगोस्लाव्हिया जगज्जेता. दिवाच होता त्या संघात, बार्सिलोना हुकलेला.

आणि सरचिटणीस म्हणून स्तान्कोविचचा तो शेवटचा विश्वचषक. त्याच वर्षी त्यानं खुर्ची सोडली. १९५०च्या पहिल्या फायनलमध्ये अर्जेंटिना अमेरिकेला हरवून जगज्जेता झाला होता, आणि हा तळाच्या संघातला पोरगा तिथे हजर होता. ५२ वर्षांनी परत अर्जेंटिना, परत अमेरिका पराभूत, आणि वर त्याचा देश. एवढं जुळवून कुणी कथेत लिहिलं असतं तर मी पान उलटलं असतं.

मानसन्मान म्हणाल तर अमेरिकेच्या नायस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये १९९१लाच नाव लागलं, १९८८ ते २००६ ऑलिंपिक समितीचा सदस्य होता, आणि २००५ला चीनमध्ये त्याच्या नावाचा चषक सुरू झाला. २० मार्च २०२०ला बेलग्रेडमध्ये गेला. ९४ वर्षांचा होता. ते दिवस आठवत असतीलच, जगभर दारं बंद व्हायला लागली होती, कुणाच्या अंत्ययात्रेला कुणी जाऊ शकत नव्हतं.

विरजण

२००२चं मान्य. युरोलीगचं अमान्यच. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

नागपाड्याची पायरी

तीन पॉइंटची रेषा फिबात आली तीही याच्याच काळात ना? १९८४ला, ६.२५ मीटरवर. आमच्या कोर्टवर ती आम्ही दोरी आणि खडू घेऊन आखली होती. एका बाजूला गटार आडवं आलं म्हणून कोपऱ्यात ती रेषा जरा आतच राहिली. त्या कोपऱ्यातून टाकणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली, बाहेर खेळायला गेली की चेंडू रिंगला पोचायचा नाही.

रिंगला लटकलेला

@नागपाड्याची पायरी: हाहा! आमच्या कॉलेजात त्या जागी सायकल स्टँड होता.

हिशेबाची वही

धागाकर्ते, उत्तराबद्दल आभार. वही काढून लिहून घेतलंय. 'छोट्यांकडे जा' खाली दोन रेघा.

आमच्याकडे गेल्या वर्षी मी ठराव मांडला होता: खासगी अकादमीत फी भरून शिकणाऱ्या मुलांनाही जिल्ह्याच्या निवड चाचणीला बसू द्यावं. सध्या फक्त संलग्न मंडळांचीच मुलं चालतात, आणि त्यातली निम्मी मंडळं कागदावर आहेत. ठराव ९ विरुद्ध ४ असा आपटला. राजीनामा टाईप करून ठेवला होता, तो अजून खिशात आहे. येत्या रविवारी पुन्हा सभा. तालुक्यांचे पाच प्रतिनिधी आहेत, ज्यांना आजवर कुणी चहालाही विचारलं नाही. उद्यापासून सुट्टी टाकलीय, मोटारसायकलला तेल घातलंय.

कळवतो.